सिम कुणाच्या सांगण्यावरून घेताय?



गेल्या बंदीत ओट्यासमोर एक मुलगा छत्री लावून बसला होता, आठवत असेल. नंबर तोच ठेवा, कंपनी बदला, पहिल्या महिन्याचं रिचार्ज आमच्याकडून. पहिल्या दिवशी दोघं गेले. त्यांनी भावांना सांगितलं, भावांनी मेहुण्यांना, मेहुण्यांनी खलाशांना. पंधरा दिवसांत वाड्यातल्या निम्म्याहून जास्त घरांत एकाच कंपनीचं सिम आलं. आम्ही संस्थेतले लोकही त्यात होतो. छत्रीखाली रेंज फुल होती, घरात फुल होती, ओट्यावर फुल होती. मग वाईट काय दिसणार?

बंदी उठली. दुसऱ्याच उधाणाला एक छोटी बोट संध्याकाळी परतायची ती आली नाही. फोन लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बरोबरच्या दोन बोटींना लावला, तेच. रात्री दहाला धक्क्यावर बायका जमल्या. बारा वाजले, दोन वाजले. पहाटे चारला आम्ही कोस्ट गार्डच्या १५५४ ला फोन केला. सहाच्या सुमारास तिन्ही बोटी दिसल्या. एकीचं इंजिन बंद पडलं होतं, बाकीच्या दोघींनी दोर टाकून ओढत आणलं. माणसं सुखरूप होती. रात्रभर तिन्ही बोटींवर मिळून दहा-बारा फोन होते, आणि सगळ्यांत एकाच कंपनीचं सिम. एकाचा लागला नाही म्हणजे कुणाचाच लागला नाही.

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. कुणी घाबरवलंय म्हणून नाही. दुसरी कंपनी असती तर दुसऱ्या जागी हेच झालं असतं. आमचं म्हणणं आपल्या सवयीबद्दल आहे. आपण सिम घेतो ते सांगण्यावरून, आणि सांगणारा बहुतेक वेळा किनाऱ्यावर उभा असतो.

ही फक्त आपल्या वाड्याची गोष्ट आहे असं समजू नका. आयबीएम कंपनीच्या भारतातल्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००८ साली एका मोठ्या मोबाईल कंपनीच्या कॉलच्या नोंदी तपासल्या. कोण काय बोललं ते नाही, कोण कुणाला फोन करतो एवढंच. त्यांना दिसलं ते असं, की एखाद्या माणसाचे जेवढे जास्त सोबती कंपनी सोडून गेलेले असतात, तेवढी तोही सोडून जाण्याची शक्यता वाढते. कंपन्यांना हे चांगलं ठाऊक आहे. कस्टमर केअरला फोन केल्यावर मेसेज येतो ना, ‘आमची सेवा तुम्ही मित्राला किंवा नातेवाईकाला सुचवाल का, शून्य ते दहा गुण द्या’? ही पद्धत २००३ साली अमेरिकेत एका व्यवस्थापन तज्ज्ञाने मांडली आणि आता सगळीकडे चालते. नऊ किंवा दहा दिले तर तुम्ही त्यांचे फुकटचे प्रचारक. सहा किंवा कमी दिले तर विरोधक. रेंज कुठे गेली होती हे त्या गुणात लिहायला जागाच नसते.

२०२४ सालचं उदाहरण तर सगळ्यांनी पाहिलं. जुलैच्या सुरुवातीला तिन्ही खासगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले. लगेच फेसबुकवर, व्हॉट्सअॅपवर ‘बीएसएनएलकडे घरवापसी’ची लाट आली. ट्रायच्या आकड्यांनुसार त्या एका महिन्यात बीएसएनएलचे ग्राहक सुमारे २९ लाखांनी वाढले आणि खासगी तिघांचे घटले. नोव्हेंबरच्या आकड्यांत मात्र बीएसएनएलचे ग्राहक पुन्हा कमी झालेले दिसले. आमच्या मते लोक दर पाहून गेले आणि नेटवर्क पाहून परतले. (बीएसएनएलचं स्वदेशी ४जी नंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं, तेव्हा आजची स्थिती वेगळी असू शकते. जुन्या अनुभवावरून नावं ठेवणं हीसुद्धा एक चुकीची शिफारसच.) शहरातल्या माणसाचं अशा जाण्या-येण्यात फार तर चार दिवस व्हिडिओ अडकला असेल. आपलं तसं नाही.

आपल्यासाठी फोन काय आहे हे केरळच्या मच्छीमारांवरच्या अभ्यासात फार छान दिसतं. १९९७ नंतर तिथे कोझिकोड, मग कण्णूर, मग कासरगोड असं टप्प्याटप्प्याने मोबाईल आला. टॉवर किनाऱ्याजवळ होते, रेंज समुद्रात २०-२५ किलोमीटरपर्यंत जायची. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी त्या काळात तारलीच्या बाजारांचे भाव आठवड्याच्या आठवड्याला नोंदवले. फोन येण्याआधीची एक सकाळ त्यांनी लिहून ठेवली आहे. १४ जानेवारी १९९७, वडकरा गावात ११ मच्छीमारांना गिऱ्हाईक मिळालं नाही, मासळी फेकून द्यावी लागली. त्याच वेळी १५ किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या बाजारांत २७ खरेदीदार रिकाम्या हाताने घरी निघाले होते. वाचून हसावं की रडावं कळत नाही, कारण आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनी असे दिवस पाहिलेत. तेव्हा तिथे शंभर किलोतली पाच ते आठ किलो मासळी अशी वाया जायची. फोन आल्यावर बोटी समुद्रातूनच भाव विचारू लागल्या आणि मासळी फेकणं जवळजवळ थांबलं. मच्छीमाराचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली. अभ्यास २००७ साली छापून आला.

त्या २०-२५ किलोमीटरवर लक्ष द्या. नफा झाला तो रेंज तिथवर पोचली म्हणून, फोन हातात आला म्हणून नव्हे.

आता रेंज समुद्रात जाते कशी, ते साध्या भाषेत सांगतो. पृथ्वी गोल असल्यामुळे टॉवर आणि फोन यांची नजरानजर एका मर्यादेपर्यंतच होते. ४० मीटर उंच टॉवर आणि पाण्यापासून ३ मीटरवर धरलेला फोन असेल, तर हिशेबाने साधारण ३३ किलोमीटर, म्हणजे १८ नॉटिकल मैलांच्या आसपास. हा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात त्याच्या बरंच आधी रेंज जाते. टॉवरचे अँटेना वस्तीकडे आणि खाली झुकवलेले असतात. कंपनीला गिऱ्हाईक जमिनीवर दिसतं, बोंबलाच्या जाळ्याजवळ नाही. दुसरं म्हणजे फ्रिक्वेन्सी. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात. २३०० किंवा ३५०० च्या जवळच विरतात. त्यामुळे नवीन ५जी फोनवर शहरात कितीही वेगाने सिनेमा उतरला तरी खाडीच्या तोंडाबाहेर त्या वेगाचा उपयोग नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी सगळ्यांना पडलेलं कोडं सोडवते. ‘फोनवर दोन दांड्या दिसतात, पण कॉल लागत नाही.’ दांड्या दाखवतात ते टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत येतो की नाही. आपला आवाज टॉवरपर्यंत पोचतो की नाही ते दांड्या सांगत नाहीत. टॉवरच्या तुलनेत आपल्या फोनची ताकद म्हणजे डोंगरावरच्या माणसाला पाण्यातून हाक मारणं. त्याची आरोळी आपल्याला ऐकू येते, आपली त्याला जात नाही. त्यावर उपाय म्हणून काही जण बाजारातून बूस्टर आणून लावतात. परवानगीशिवाय बूस्टर लावणं बेकायदा आहे आणि त्याने आजूबाजूच्यांची रेंजही बिघडते. करू नका.

आपल्या मराठी घरांची आणखी एक अडचण आहे. आपले सोयरे डहाणू, पालघर, सातपाटीला. लग्नात भेट झाली की भावजी छातीठोक सांगतात, ‘आमच्याकडं ही कंपनी वीस मैल चालते, डोळे मिटून घ्या.’ भावजी खोटं बोलत नाहीत. पण उंबरगावपर्यंत गुजरात सर्कल आणि झाईपासून महाराष्ट्र सर्कल. फ्रिक्वेन्सी सर्कलप्रमाणे विकत घेतलेल्या असतात, टॉवर वेगळे, माणसं वेगळी. एकच नाव असलेली कंपनी तिकडे एक आणि इकडे एक असू शकते. भावजींची शिफारस त्यांच्या पाण्यापुरती खरी.

तेच घरातही आहे. बाजारात बसणाऱ्या मावशीला पैसे आल्याचं बोलणारा डबा बोलला पाहिजे. तिच्यासाठी चांगलं सिम म्हणजे मार्केटच्या पत्र्याखाली चालणारं. शाळेतल्या पोराला घरात इंटरनेट हवं. नाखव्याला खाडीच्या बाहेर आवाज हवा, इंटरनेट नसलं तरी चालेल. तिघांनी एकमेकांना एकच सिम सुचवायचं कारण काय? तर रिचार्ज एकत्र करणं सोपं पडतं. आम्ही आमच्या घरी हेच करत होतो, म्हणून सांगतो.

यावर कुणी म्हणेल, शिफारशीवर विश्वासच ठेवायचा नाही का? तसं नाही. जाहिरातीपेक्षा शेजाऱ्याचा शब्द आम्हाला केव्हाही मोठा. कंपनीच्या नकाशापेक्षाही. ट्रायच्या २०२४ च्या नव्या नियमांनी कंपन्यांना आपापल्या कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकायला लावलंय, ते पाहा, जरूर पाहा. पण नकाशाचा रंग किनाऱ्याशी आला की आपला प्रश्न तिथून सुरू होतो. ट्राय गाडीत यंत्रं ठेवून नेटवर्क तपासते, अहवालही छापते. ती गाडी मुख्यतः रस्त्यावरून जाते. आपला रस्ता पाण्यातून जातो, आणि त्याची मोजणी आपल्याशिवाय कोण करणार?

म्हणून शिफारस करा, पण पूर्ण करा. ‘भारी आहे’ म्हणजे काहीच नाही. कुठे भारी? किती बाहेर? जीपीएसचा आकडा काय होता? फोन केबिनमध्ये होता की हातात वर धरला होता? कॉल लागला की नुसत्या दांड्या दिसल्या? स्वतः पाहिलं की कुणी सांगितलं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. छत्रीवाल्या मुलाच्या वेळी आम्ही मागाहून विचारत गेलो, तर समुद्रात नेऊन तपासलेला माणूस एकही सापडला नाही. सगळ्यांनी एकमेकांचं ऐकलं होतं. बंदीचे दिवस होते, बोट पाण्यातच नव्हती, तपासणार कोण!

आणि आपल्याच वाड्यात विचारून थांबू नका. वाड्यात सगळ्यांना सगळं सारखंच माहीत असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच दाखवलं होतं, की नवी माहिती जवळच्या माणसांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते. दुसऱ्या बंदरावरचा बर्फवाला, मासळी उचलणारा टेम्पोवाला, जाफराबाद-वेरावळहून आलेला खलाशी, यांना विचारा. त्यांनी वेगळं पाणी पाहिलेलं असतं.

आमचं स्पष्ट मत असं आहे की एका बोटीवर एकाच कंपनीची सिमं नकोत. आज बहुतेक फोनमध्ये दोन सिम बसतात. नाखव्याचं एक असेल तर तांडेलाचं दुसरं हवं, आणि बरोबर जाणाऱ्या बोटींनीही आपापसांत हे बघून घ्यावं. दुसरं सिम चालू ठेवायला पैसे लागतात, मान्य. दर वाढल्यापासून ते जास्तच टोचतं. पण बोट रात्रभर न दिसणं काय असतं, ते त्या रात्री धक्क्यावर असलेल्या बायकांना विचारा.

कंपनी बदलायचीच असेल तर छत्रीखाली घाई करू नका. इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, एक जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवला की कोड येतो. आपल्या भागात तो चार दिवस चालतो. एकाच सर्कलमध्ये तीन कामकाजाच्या दिवसांत काम होतं. पण एकदा गेलात की त्या कंपनीत ९० दिवस काढावे लागतात. म्हणजे मोसमाच्या तोंडावर चूक झाली तर मोसमाचे तीन महिने गेले. आधी दुसऱ्या खाचेत स्वस्तातलं नवीन सिम टाका, चार फेऱ्या समुद्रात न्या, मग जुना नंबर हलवा.

फोनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसत असेल तर आपल्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कुणाची तरी आहे. अशा वेळी ११२ लावा, तो कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जातो. त्या रात्री हे कुणाला सुचलं नाही, कारण आम्ही कधी सांगितलं नव्हतं. ती चूक आमची. रेंज असेल तर १५५४. आणि मोबाईल हे जीव वाचवायचं यंत्र नाही, ते काम व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलचं आणि ट्रान्सपाँडरचं आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी देशभरात एक लाख बोटींवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसवायची योजना सुरू केली, इस्रोच्या तंत्रावरची. त्यातून समुद्रातून निरोप पाठवता येतो आणि किनाऱ्यावरचा घेताही येतो, टॉवर लागत नाही. ज्यांच्या बोटीवर बसलेला नाही त्यांनी फिशरीज ऑफिसात चौकशी करावी. बसवून कापडात गुंडाळून ठेवलेले दोन आम्हाला माहीत आहेत. बंद ट्रान्सपाँडरला पण रेंज नसते.

सरकारकडेही आमचं एक मागणं आहे. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ जखाऊजवळ धडकलं, तेव्हा दूरसंचार विभागाने कच्छ-सौराष्ट्रातल्या किनारी जिल्ह्यांत थोड्या दिवसांसाठी कुठल्याही ग्राहकाला कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून बोलायची मुभा दिली होती. वादळात जे जमतं ते समुद्राकडे तोंड असलेल्या टॉवरवर बाराही महिने का जमू नये? आपल्यासाठी इंजिन बंद पडलेली रात्र वादळाएवढीच असते. हे पत्र संस्थेकडून पाठवायचं ठरलं आहे. पण नुसतं ‘रेंज येत नाही’ लिहून काही होत नाही. कुठे, कधी, किती मैलांवर, कुठल्या कंपनीची, हे लिहिलेलं हवं. कंपनीकडे तक्रार केली तर तिचा नंबर जपून ठेवा. मुदतीत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जाता येतं, त्यासाठी तो नंबर लागतो.

त्यासाठी ऑफिसात एक लांब वही ठेवली आहे. तारीख, कंपनी, जीपीएसचा आकडा, कॉल लागला की नाही, उधाण की भांग, एवढेच रकाने. फेरीवरून आलात की एक ओळ लिहा. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहू. आतापर्यंत नऊ ओळी भरल्यात, त्यातल्या चार एकाच खलाशाच्या आहेत. वय एकोणीस, रोज फोन वर धरून उभा असतो म्हणून तांडेलाच्या शिव्या खातो. तांडेलांनी थोडं सबुरीनं घ्यावं. पेन वहीला दोरीने बांधलंय, नेऊ नका.